तिचे गुपित आणि आपली जीभ



आज एका प्रश्नावर तुमच्याबरोबर विचार करायचा आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या एखाद्या विधवा आईने आपला आजार गावाला सांगितला नाही, तर ती खोटेपणा करते का? आणि तो आजार आपल्याला कुठून तरी कळला, तर "खरे तेच सांगतोय" असे म्हणून आपण तो दुसऱ्याच्या कानावर घालू शकतो का?

प्रश्न छोटा वाटेल. पण अशा बाईला पुन्हा उभे राहता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्याच उत्तरावर ठरते. तिचे घर, तिचा शेताचा तुकडा, तिची मजुरी, तिच्या लेकराची शाळेतली जागा, हे सारे शेजाऱ्यांच्या जिभेवर टांगलेले असते.

समजा, आपल्या जिल्ह्यातली एक बाई आहे. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला गुजरातेत जात. पुढे नवरा ट्रकवर जाऊ लागला. मग त्याला खोकला, ताप, टी.बी. वर्षभरात तो गेला. त्याच्या आजारपणात डॉक्टरांनी तिचीही तपासणी केली आणि तिलाही एचआयव्ही निघाला. पदरात दोन लेकरे. थोरला मुलगा निरोगी, धाकट्या मुलीला मात्र रोज गोळी घ्यावी लागते. सासू म्हणते, हिनेच माझ्या मुलाला खाल्ले. दीर म्हणतो, माहेरी जा. ही बाई मी कल्पिली आहे. आपल्या देवळातील कोणीही ती नाही. म्हणून हे वाचताना बाकावर इकडेतिकडे पाहू नका, एवढी विनंती.

या बाईचा विचार करताना काळ किती बदलला, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. आपल्या देशात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ साली चेन्नईत झाले. त्यानंतर पुष्कळ वर्षे हा आजार म्हणजे मरणाचीच चिठ्ठी होती. औषधे होती, पण परदेशी औषधांचा एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे जाई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा मेळ वर्षाला साडेतीनशे डॉलरला देऊ केला आणि जगभरातली गणिते बदलली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एआरटी औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला, रक्तातील पेशी किती आहेत याची वाट न पाहता, लगेच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते.

ही गोळी नियमित घेतली तर माणूस शेतात राबतो, मुले वाढवतो, म्हातारपणही पाहतो. रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतके खाली गेले आणि तसेच टिकले, तर पती-पत्नीच्या संबंधातूनही लागण होत नाही. आईवर उपचार नसतील, तर तिच्या बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात १५ ते ४५ इतका असतो. वेळेवर उपचार झाले तर तो शंभरात ५ पेक्षा खाली येतो. म्हणजे औषधाने आपले काम केले आहे. पूर्वी विचारावे लागे, "ही बाई किती दिवसांची सोबती?" आता विचारावे लागते, "ही बाई पुढची तीस-चाळीस वर्षे आपल्यात कशी जगणार?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयात मिळत नाही. ते गावात आणि धर्मग्रामात द्यावे लागते.

भीती काय करते, हे आपल्या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. नवापूरचे नाव देशभर त्या रोगाला चिकटले. रोग गेला तरी नाव लगेच सुटत नाही, हे तेव्हा आपण पाहिले. २०२० साली करोना आला, तेव्हाही दारावर पाटी लागेल, शेजारी दार लावून घेतील, या धास्तीने कित्येकांनी ताप लपवला. करोना निदान श्वासातून पसरतो. एचआयव्ही हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, एका हापशावर पाणी भरल्याने, एका बाकावर बसल्याने पसरत नाही. तरीही ज्या आजाराची लागण इतकी अवघड, त्याचीच बातमी सर्वांत सोप्या रीतीने पसरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे का?

तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे. संत ऑगस्टीन खोट्याच्या बाबतीत फार कडक होते. कोणत्याही चांगल्या हेतूने खोटे बोलू नये, असे त्यांचे मत. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानेही १७९७ साली हीच भूमिका घेतली. मारेकरी दाराशी येऊन "तुझा मित्र आत आहे का?" असे विचारू लागला, तरी खोटे बोलू नये, इथपर्यंत तो गेला. पण खोटे बोलणे आणि सत्य राखून ठेवणे यांत फरक आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तो स्पष्ट केला. खोटे बोलू नये हे खरेच, पण शहाणपणाने सत्य झाकून ठेवणे हे पाप नव्हे, असे ते सांगतात आणि त्यासाठी संत ऑगस्टीन यांचाच आधार देतात. १९९२ च्या कॅटेकिझममध्येही हेच तत्त्व आहे: सत्य जाणण्याचा ज्याला अधिकार नाही, त्याला ते सांगण्यास कोणीही बांधलेले नाही.

म्हणजे सत्य ही वाटेवर ओतायची वस्तू नाही. ते कोणाचे तरी असते आणि कोणाला तरी द्यायचे असते. घरातले धान्य आपण भुकेल्याला देतो, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याने कोठीत डोकावावे असे होत नाही. पापनिवेदनाच्या वेळी ऐकलेली एकही गोष्ट धर्मगुरू बाहेर काढू शकत नाही. प्राणावर बेतले तरी नाही. त्याला आपण लपवाछपवी म्हणत नाही. मग आपल्या देहाची गोष्ट आपल्यापाशी ठेवणाऱ्या बाईला लबाड का म्हणावे?

हापशावर कोणी तिला विचारते, "काय गं, दर महिन्याला नंदुरबारला कशाला जातेस?" ती म्हणते, "दवाखान्यात काम असते." हे खोटे नाही. पुरेसे आहे. विचारणाऱ्याला तिथे थांबता आले पाहिजे.

पण न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. काही जणांना हे सत्य जाणण्याचा अधिकार खरोखर आहे. पहिला, तिच्यावर उपचार करणारा. दुसरा, तिच्याशी लग्न करू इच्छिणारा. विधवेने पुन्हा लग्न करण्यात काहीच गैर नाही. एचआयव्ही असलेल्यांनाही लग्नाचा मार्ग बंद नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, होणाऱ्या वधूच्या जिवाचा हक्क हा वराच्या गुप्ततेपेक्षा मोठा, असे म्हटले. त्याच निकालात अशा रुग्णांच्या लग्नाच्या हक्कावरच घाला घालणारी काही विधाने होती. ती त्या प्रकरणात अनावश्यक होती, असे न्यायालयानेच २००२ साली स्पष्ट केले. राहिले ते तत्त्व योग्य आहे: ज्याचा जीव तुमच्या जिवाशी बांधला जाणार आहे, त्याला आधी सांगा. जो हे लपवून बोहल्यावर चढतो, तो गुपित राखत नाही, तो दुसऱ्याची निवड चोरतो. आणि हेही लक्षात घ्या की आपल्या कल्पनेतल्या बाईला तिच्या नवऱ्याकडून हे सत्य कधी मिळालेच नाही. कदाचित त्यालाही ते ठाऊक नव्हते. दोष कोणाचा हे ठरवणे आपले काम नव्हे. परंतु ज्या घरात हे सत्य सांगितले जायला हवे होते तिथे ते पोचले नाही, आणि ज्या चावडीवर त्याचे काही काम नव्हते तिथे ते आधी पोचले, असे आपल्याकडे वारंवार घडते.

तिसरा अधिकार तिच्या मुलीचा. रोज एक गोळी गिळणारे लेकरू एक दिवस विचारतेच, "आई, दादा घेत नाही, मग मीच का?" सहा-सात वर्षांच्या मुलीला "तुझ्या अंगातल्या शिपायांना बळ देणारी गोळी" एवढे पुरेल. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ते पुरणार नाही. एआरटी केंद्रातील समुपदेशक ही गोष्ट वयाप्रमाणे, पायरी पायरीने सांगायला मदत करतात. आईने ती आपल्या तोंडाने सांगावी, हे उत्तम. शाळेच्या मैदानात एखाद्या मुलाच्या शिवीतून मुलीला ती कळणे, याइतके वाईट काही नाही. पाहा, आपण हापशावर सहज बोललेले वाक्य कुठे जाऊन पडते. आईने वर्षानुवर्षे जपून ठेवलेला क्षण आपण तिच्या हातून काढून घेतो.

यावर कोणी म्हणेल, "फादर, मी काही खोटे पसरवले नाही. जे आहे तेच बोललो." इथे आपली फार मोठी गैरसमजूत आहे. खोटा आळ घेणे हे एक पाप. पण दुसऱ्याचा खरा दोष, योग्य कारणावाचून, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यापुढे उघडा करणे हेही पाप आहे. परनिंदा ती हीच. तेव्हा "खरे आहे" हा बचाव पुरेसा नाही. सांगण्याला योग्य कारण होते का, हा खरा प्रश्न. आणि आजार तर दोषही नव्हे. दोष सांगणे जर चूक, तर आजार सांगत फिरणे किती चूक असेल!

आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात एक धोका आणखी आहे. घरात माणूस दगावला, जनावर मेले, की एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवून तिला डाकीण ठरवण्याची रीत अजून मेलेली नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही नाही. विधवा, त्यात आजारी, त्यात नावावर थोडी जमीन, अशा बाईबद्दलची कुजबूज कुठवर जाऊ शकते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून इथे जीभ आवरणे हा केवळ सभ्यतेचा भाग नाही. तो कधी कधी जिवाचा प्रश्न असतो.

न्यायालयांनी ही गोष्ट आपल्याआधी ओळखली. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. एचआयव्ही निघाल्यामुळे त्याचे काम गेले होते. न्यायालयाने त्याचे नाव उघड न करता, नुसत्या अक्षरांनी खटला चालवू दिला आणि काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ या आजारावरून कामावरून दूर करता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे त्याच न्यायालयात एक विधवा आली. तिचा नवरा एका सरकारी विमा कंपनीत नोकरीला होता. त्याच्या मृत्यूनंतर तिला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळायची होती. एचआयव्ही आहे म्हणून ती नाकारली गेली. २००४ साली न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात तिचे नाव एका अक्षराचे आहे: जी. ती कुठली, कोणत्या समाजाची, दिसायला कशी, हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही. तिचा हक्क ठरवायला न्यायाधीशांना तिचा चेहरा चौकात आणावा लागला नाही. एका अक्षराआड उभी राहून ती बाई लढली आणि जिंकली. गुपित राखणे आणि ताठ मानेने जगणे यांत विरोध नाही, हे याहून चांगले कोण सांगेल?

आज यासाठी स्वतंत्र कायदा आहे. २०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्स कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. कोणाचीही तपासणी त्याच्या संमतीवाचून करू नये, त्याचा आजार त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचे घर यांत भेदभाव करू नये, असे हा कायदा सांगतो. त्यातील एक कलम आपल्या बाईच्या फार कामाचे आहे. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला आणि अठरा वर्षांखालील मुलांना आपल्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क आहे. त्यांना तेथून हाकलून देता येत नाही. दीर म्हणाला "माहेरी जा" म्हणून तिला जावेच लागेल, असे नाही. या कायद्याने आजारी माणसावरही कर्तव्य टाकले आहे: ज्याच्याशी शरीरसंबंध येणार, त्याला आधी सांगावे आणि लागण टाळावी. पण सांगितल्यामुळे मारहाण होण्याची किंवा टाकून दिले जाण्याची रास्त भीती असलेल्या स्त्रीचा त्यात वेगळा विचार केला आहे. हक्क आणि कर्तव्य यांचा असा समतोल आपल्या नीतिशास्त्राला धरूनच आहे.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. काही सज्जन म्हणतात, "सगळेच लपवत राहिले, तर कलंक जाणार कसा? कोणीतरी उघड बोललेच पाहिजे." यात तथ्य आहे. तमिळनाडूच्या कौसल्या पेरियासामी यांना लग्नानंतर थोड्याच दिवसांत आपल्याला एचआयव्ही असल्याचे कळले. त्या तरुणपणीच विधवा झाल्या. त्या उघडपणे बोलल्या आणि १९९८ साली काही मैत्रिणींबरोबर त्यांनी अशा स्त्रियांची संघटना उभी केली. अशा बायांमुळे इतर हजारोंना आवाज मिळाला. त्यांना आपण मानाने नमस्कार करावा. पण साक्ष ही स्वखुशीने द्यायची गोष्ट आहे. ती कोणावर पट्टीसारखी बसवायची नसते. कौसल्याताईंनी स्वतः तोंड उघडले, म्हणून ते धैर्य झाले. तेच दुसऱ्याने त्यांच्यासाठी उघडले असते, तर तो अत्याचार झाला असता. शिवाय कलंक दूर करण्याचे ओझे आधीच वाकलेल्या पाठीवर का टाकायचे? कलंक ज्यांनी लावला, त्यांनी तो पुसावा.

प्रभू येशूची रीत पाहा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला. नाईन गावाच्या वेशीवर एका विधवेच्या एकुलत्या एका मुलाची अंत्ययात्रा चालली होती. प्रभूला तिचा कळवळा आला. मुलगा कशाने मेला, त्याची चालचलणूक कशी होती, असे त्याने विचारल्याचे शुभवर्तमानात कुठे नाही. त्याने मुलाला उठवले आणि त्याच्या आईच्या स्वाधीन केले. त्या आईला तिचे जगणे परत मिळाले आणि कोणालाही तिची कहाणी ऐकण्याची किंमत मागितली गेली नाही. आपण मात्र पाच किलो तांदूळ देण्याआधी सगळी कहाणी ऐकून घेतो.

म्हणून आपल्या धर्मग्रामात काही गोष्टी ठरवून पाळू या. आजाऱ्यांसाठी मिस्साचा हेतू देताना नाव द्या, आजार देऊ नका. देवळातून ज्यांना मदत मिळते, त्यांच्या यादीत मदतीचे कारण लिहिले जाणार नाही, आणि मदत देताना फोटो काढला जाणार नाही. बचत गटात नवी बाई येत असेल, तर तिला हप्त्याबद्दल विचारा, नवऱ्याच्या मरणाबद्दल नाही. मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्यांनी कोणाच्या गोळ्यांची चर्चा जेवणाच्या पंगतीत होऊ देऊ नये.

मदत करायचीच असेल, तर हातापायांनी करा. विधवेची वारस नोंद तलाठ्याकडे लागली का आणि सातबाऱ्यावर तिचे व मुलांचे नाव चढले का, हे पाहायला तिच्याबरोबर एखाद्या जाणत्याने जावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा आणि एचआयव्हीग्रस्त हे दोन्ही बसतात. २०२३ पासून त्यात दरमहा १,५०० रुपये मिळतात. मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे, तिची रक्कम त्याच वर्षी दरमहा २,२५० रुपये झाली. कागद जमवण्यात दमछाक होते, तिथे आपले शिकलेले तरुण उपयोगी पडतील. ऊसतोडीला जाण्याआधी गोळ्या किती महिन्यांच्या घ्यायच्या आणि तिकडे कोणत्या केंद्रात मिळतील, हे आपल्या एआरटी केंद्रात विचारून ठेवावे. गोळी मध्येच तुटता कामा नये. ज्याला शंका असेल, त्याने १०९७ या मोफत क्रमांकावर बोलावे. तिथे नाव सांगावे लागत नाही.

आणि जी माता हे वाचत असेल, किंवा मुलाकडून वाचून घेत असेल, तिला एवढेच सांगतो: माई, तुझे गप्प राहणे पाप नाही. तुला बोलावेसे वाटले, तर आमचे कान उघडे आहेत. नाही वाटले, तरी रविवारी तुझी जागा बाकावर आहे, आणि शांतीची खूण देताना तुझा हात कोणीतरी धरेल.

प्रभू आपणा सर्वांच्या जिभेवर पहारा ठेवो.

तुमचा,
धर्मगुरू